डोळ्यांची रेषा

१

तनुजानं प्रदर्शनासाठी माझ्याकडून सहा चित्रं मागितली होती. मी पाच दिली. सहाव्याचं काय झालं, असं ती अजूनही फोनवर विचारते आणि मी दरवेळी नवी थाप मारते. एकदा म्हणाले पाणी सांडलं, एकदा म्हणाले जमलंच नाही. खरं म्हणजे ते पूर्ण झालंय. फक्त ते कागदावर नाही, म्हणून तिला दाखवता येत नाही.

तनुजा माझी नांदेडच्या एटीडीची मैत्रीण. चित्रकला शिक्षकाचा डिप्लोमा आम्ही दोघींनी बरोबरच केला. ती लातूरच्या एका शाळेत कायम झाली. मी देगलूरला तासिका तत्त्वावर पोरांना वांगी आणि सुरई काढायला शिकवत राहिले. मग लग्न झालं. आनंदराजची, म्हणजे माझ्या नवऱ्याची, बदली नांदेडला झाली, तिथंच तरोड्याला आम्ही घर बांधलं, आणि नव्या घरात नीट बसतो न बसतो तोच आत्यांना अर्धांगवायूचा झटका आला.

आत्या म्हणजे माझ्या सासूबाई, धुरपताबाई. आमच्यात सासूला आत्याच म्हणतात. जन्मभर अर्धापूरच्या केळीच्या बागांत मजुरी करून त्यांनी एकुलत्या एक लेकाला शिकवलं. आता लेकाच्या घरी सुखाचे चार घास खायचे, तर उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. सात वर्षं त्या मधल्या खोलीतल्या लोखंडी खाटेवर पडून होत्या.

त्यांचं सगळं मी केलं. भरवणं, अंग पुसणं, कूस बदलणं, काही म्हणून राहू दिलं नाही. पाठीला कधी जखम झाली नाही त्यांच्या. गल्लीतल्या बाया म्हणायच्या, सून असावी तर अशी. मलाही ते ऐकायला बरं वाटायचं, खोटं कशाला बोलू? चित्रं मात्र सुटली. सोड असं कुणी म्हटलं नव्हतं. आज वेळ नाही, उद्या बघू, असं करता करता रंगाच्या ट्यूबा दगड झाल्या. त्याचं खापर मी मनातल्या मनात आत्यांच्या डोक्यावर फोडत राहिले.

आत्यांना बोलता यायचं नाही, पण हाक मारता यायची. दोन तुटक आवाज, "अं... अं." ओट्यावर भाजी परतताना, भांडी घासताना तो आवाज यायचा. मी हातातलं काम चालू ठेवून म्हणायचे, "आले, आत्या. थांबा जरा."

एका हिवाळ्यात त्या गेल्या. खाट तेवढी राहिली. मी भंगारवाल्याला बोलवायला निघाले तर आनंदराज म्हणाला, "राहू दे की. कोण आलं गेलं तर झोपाय होतंय." आमच्याकडं झोपायला कोण येणार होतं? पण मी वाद घातला नाही.

२

तनुजाचा फोन आला तेव्हा आत्यांचं वर्षश्राद्ध नाही, आमच्या बौद्धांत ते करत नाहीत, पण पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम नुकताच झाला होता. जुन्या बॅचचं प्रदर्शन नांदेडलाच भरवायचं होतं.

"धम्मे, सहा चित्रं पाह्यजेत. पेन्सिलीची चालतील," ती म्हणाली. "न्हाई म्हणू नको. वर्गात तुझा हात सगळ्यात चांगला होता, अन् तूच घरात लोणचं घालत बसलीस."

ते वाक्य मला झोंबलं. दुसऱ्याच दिवसापासून दुपारी बसायला लागले. मुलगी पुण्याला शिकते, आनंदराज ऑफिसला. दुपार सगळी माझीच. उजेड मधल्या खोलीच्या खिडकीतून चांगला येतो, म्हणून खाटेच्या उशाशी खुर्ची टाकली आणि समोर एक पेला ठेवला.

पेला! एलिमेंटरीच्या परीक्षेला बसणारं पोरगं काढतं तो. मला जमेना. पेल्याचं तोंड लंबगोल यायला हवं, ते बटाट्यासारखं यायचं. बाजूच्या रेषा एक मुंबईला, एक हैदराबादला. खोडून खोडून कागदाला भोक पडलं. पंचेचाळिसाव्या वर्षी मी एका पेल्यासमोर बसून रडले. गेलेली वर्षं परत मागायची तरी कुणाकडं? जिच्याशी भांडले असते ती भिंतीवरच्या तसबिरीत जाऊन बसली होती.

असे बरेच दिवस गेले. हात कुरकुर करायचा, मी रेटायचे. आणि मग एका दुपारी, काही ध्यानीमनी नसताना, हात आला.

दुसरा शब्द नाही माझ्याकडं. पेल्याचा नाद सोडून मी समोर दिसणारं स्वयंपाकघराचं दार काढायला घेतलं होतं. दाराची चौकट, आतला ओटा, भिंतीवरची भांड्यांची मांडणी. एक रेष ओढली ती जिथं जायला हवी तिथंच गेली. दुसरी तिच्याजवळ आपणहून येऊन थांबली. खोडरबर कुठं पडलं होतं ते आठवलंसुद्धा नाही. भान आलं तेव्हा उन्हाची तिरीप खाटेवरून उतरून फरशीवर गेली होती आणि मांडीवर पूर्ण चित्र होतं.

ओट्याशी एक बाई उभी होती, पाठमोरी. ती मी कधी काढली ते आठवेना, पण त्याचं नवल वाटलं नाही. अहमदपूरच्या शाळेत आमचे शेषेराव सर सांगायचे, "स्मरणचित्रात माणसं पाह्यजेतच. चेहरा जमत नसला तर पाठमोरी काढा. परीक्षक काय वळवून बघणार हाय का?" तेव्हापासून माझ्या चित्रातली माणसं पाठमोरीच. बाजारात पाठमोरी, जत्रेत पाठमोरी. जुनी खोड हाताबरोबर परत आली, एवढंच.

त्या दिवशी मी इतकी खुशीत होते की रात्रीच्या भाजीत मीठ दोनदा पडलं. आनंदराजनं मुकाट्यानं खाल्लं.

३

तीन चित्रं झाली तेव्हा तनुजा लातूरहून आली. चहा घेतला, चिवडा खाल्ला आणि चित्रं खिडकीजवळ नेऊन एकेक करून पाहिली.

"लई भारी काढून राहिलीस गं," ती शेवटी म्हणाली. "आपल्या कुणाच्याच हातात हे न्हाई. मला तर जळायला होतंय." मग तिनं चित्र डोळ्यांजवळ नेलं. "पण तू डावरी कधी झालीस?"

"म्हणजे?"

"शेडिंग बघ की." तिनं नखानं सावलीच्या रेषा दाखवल्या. "उजव्या हातानं मारलेल्या रेषा अशा वर उजवीकडं जातात. तुझ्या समद्या उलट्या हायत. वर्गात एक डावरा व्यंकट होता बघ, त्याच्या अशा असायच्या."

मी हसून म्हणाले की कागद तिरका धरला असेल. तिलाही ते पटलं. पण मास्तरकी केल्याशिवाय तिला राहवेना. तिनं पर्समधून सहा इंची पट्टी काढली, ओट्याच्या कडेला लावली, मग मांडणीच्या फळीला, मग दाराच्या वरच्या लाकडाला. हे आम्ही दोघींनी शेकडो पोरांना शिकवलंय. खोलीतल्या सरळ रेषा मागं मागं वाढवत नेल्या की त्या एका ठिकाणी जाऊन मिळतात, आणि ते ठिकाण बघणाऱ्याच्या डोळ्यांच्या उंचीवर असतं. तीच डोळ्यांची रेषा. चित्र कुणी कुठून पाहिलं, ते या रेषेवरून कळतं. बाकी सगळ्यात लबाडी करता येते, हिच्यात नाही.

"तू फरशीवर बसून काढलंस का?"

"न्हाई. ह्या खुर्चीवर."

"मग ओट्याचा वरचा दगड का दिसंना? खुर्चीवरून दिसायला पाह्यजे. तू तर फळ्यांची खालची बाजू काढलीस." तिनं तिन्ही चित्रांना पट्टी लावून पाहिली. "समद्यांत एकच उंची. खुर्चीच्या बरीच खाली." मग हात झटकून म्हणाली, "जाऊ दे. चूक असली तर असली. असंच ठेव, चांगलं दिसतंय."

ती गेल्यावर मी खुर्चीत बसून पाहिलं. ओट्याचा काळा दगड स्वच्छ दिसत होता, त्यावरचा चिमटासुद्धा. चित्रात त्याची नुसती कड होती.

मी स्वतःची समजूत घातली. एवढ्या वर्षांत नजर बिघडली असेल. मान खाली घालून बसायची सवय लागली असेल. चष्म्याचा नंबरही वाढलाय. कारणं शोधायला बसलं की सापडतात.

४

हात खरंच माझा आहे का ते बघायला मी घराबाहेर पडले. अर्धापूरला नणंद असते, सिंधु. तिच्या घरामागं केळीची बाग आहे. तिथं दोन तास बसले. केळीचं पान म्हणजे काढायला सोपं, मधे एक शीर आणि दोन्हीकडं उतार. माझ्या कागदावर चाबूक उमटला. पुन्हा काढलं तर झाडू. सिंधु मागं उभी राहून बघत होती.

"वयनी, आमची आई डाव्या हातानं इळा चालवायची, ठाव हाय का?" ती सहज म्हणाली. "मुकादम हसायचा. पर घड असा कापायची की एक केळ खाली पडत नव्हतं. नजर लई पक्की तिची. पेन्सिल काय तिनं जन्मात धरली न्हाई, न्हाईतर..."

मी कागद गुंडाळला आणि उन्हातच घरी आले.

मला आठवत होतं. उजवा हात गेल्यावर डावाच तेवढा जिवंत होता त्यांचा. त्याचं बोट दिवसभर चादरीवर फिरायचं. वरून खाली, आडवं, पुन्हा वरून खाली. मला वाटायचं खाज असेल, नाहीतर झटक्यामुळं असेल. मी तो हात उचलून गोधडीखाली सरकवायचे आणि कामाला लागायचे. थोड्या वेळानं तो पुन्हा बाहेर आलेला असायचा.

दुसऱ्या दिवशी दुपारी बसायचं नाही असं ठरवलं होतं. पण प्रदर्शन तोंडावर आलं होतं, आणि खरं सांगू का, त्या सरळ धावणाऱ्या रेषेची मला चटक लागली होती. इतक्या वर्षांनी हातात आलेलं कुणी आपणहून सोडतं का? बसले. चौथं चित्र झालं, पाचवंही. झाल्यावर कणीक मळायला उठले आणि हात धुताना पाहिलं, तर माझ्या डाव्या तळहाताची कड करंगळीपासून मनगटापर्यंत काळी चकचकीत झाली होती. शिसं असं कुठं लागतं ते चित्र काढणाऱ्या कुणालाही विचारा. जो हात कागदावरून सरकतो त्यालाच.

उजवा हात स्वच्छ होता.

संध्याकाळी आनंदराजला मी पाचही चित्रं दाखवली. त्याला चित्रातलं काही कळत नाही, म्हणूनच दाखवली. तो एकेक हातात घेऊन बघत गेला आणि हसला.

"सोताला बरी काढलीस."

"ती मी न्हाई. अशीच कुणीतरी बाई हाय."

"तुला काय कळतंय? हे बघ, उभं ऱ्हाताना एक पाय दुसऱ्यावर ठेवायची तुझी सवय. पदर असाच खोचतीस. अन् हे," त्यानं मानेखाली एका ठिपक्यावर बोट ठेवलं, "हा तर तुझा तीळ."

"मला तिथं तीळ न्हाई."

"हाय की. लग्न झालं तवापासून बघतोय." त्याला गंमत वाटत होती. "तुला कसा दिसंल? मागं हाय तो."

मी मानेवर हात नेला. बोटांना काहीच लागलं नाही. मोबाइलवर फोटो काढायला लावला. होता.

आनंदराज चित्रं एकावर एक नीट ठेवत म्हणाला, "एक आईचं काढ ना. तिचा म्हातारपणचा फोटो एकबी न्हाई आपल्याजवळ." भिंतीवरची तसबीर आधार कार्डाच्या फोटोवरून मोठी केलेली, त्यात त्या कुणीतरी वेगळ्याच दिसतात.

सहावं तेच काढायचं ठरलं. कागद लावला. कपाळ कुठं संपायचं? भुवया जाड होत्या की विरळ? झटक्यानंतर तोंड कुठल्या बाजूला वाकडं झालं होतं? सात वर्षं मी त्या तोंडात घास घातले होते. मला चमचा आठवत होता, वाटी आठवत होती, हनुवटीखाली खोचलेला टॉवेल आठवत होता. चेहरा आठवत नव्हता. दिवसातून इतक्या वेळा त्यांच्यापाशी गेले आणि एकदाही नीट बघितलं नाही, हे त्या कोऱ्या कागदासमोर मला कळलं. फार वाईट वाटलं. कागद तसाच राहिला.

५

शेवटचं एक बघायचं राहिलं होतं. मी टाळत होते, एवढंच.

एका दुपारी भांडी आवरली, ओटा पुसला, गॅसचा कॉक बंद केला. पुढच्या दाराला आतून कडी लावली. घरात माझ्याशिवाय कुणी नाही, हे मी तीनही खोल्यांत जाऊन पाहिलं. मग पाचवं चित्र हातात घेऊन खाटेवर आडवी झाले. चादर धुतलेली होती, पण गादीत मधे अजून खळगा होता. माझी पाठ त्यात बसली.

चित्र डोळ्यांसमोर धरलं आणि हळूच बाजूला केलं. पुन्हा धरलं, पुन्हा बाजूला केलं. दाराची चौकट चौकटीवर बसत होती. ओट्याची नुसती कड दिसत होती, दगड नाही. मांडणीच्या फळ्यांची खालची बाजू दिसत होती, आणि तिथं सुताराचा एक खिळा वाकलेला होता, जो मी या घरात इतकी वर्षं राहून पाहिला नव्हता. चित्रात तो होता.

मला भीती वाटायला हवी होती. त्याआधी दुसरंच काहीतरी वाटलं. एवढंच दिसायचं त्यांना. सकाळी हे, दुपारी हे, दिवे लागल्यावर हेच. एक दार, एक ओटा आणि एक पाठ. याशिवाय बघायला काही नव्हतं, म्हणून त्यांनी ते एवढं बघितलं की चादरीवर बोटानं गिरवून गिरवून पाठ झालं. मला सात वर्षांत जे आलं नसतं ते त्यांना पडल्या पडल्या आलं होतं.

उठावं म्हणून मी उजवा हात टेकला. हात टेकला गेला नाही. मुंग्या आल्या असतील, असं मनात म्हटलं. अवघडून पडलं की येतात.

तेव्हा नळाचा आवाज आला.

स्वयंपाकघरातला नळ. मग भांड्यावर भांडं ठेवल्याचा. मग बांगड्यांचा. मी मान वळवली. ती तेवढी वळली.

ओट्याशी बाई उभी होती. पदर कमरेला खोचलेला, एक पाय दुसऱ्यावर. मानेखाली तीळ. ती कढईत काहीतरी परतत होती आणि उलथन्याचा आवाज मला ओळखीचा होता, कारण तो माझ्या उलथन्याचा होता. मी तिच्या हातांची घाई बघत राहिले. कामाला वाघ होती. एक क्षण रिकामी उभी राहत नव्हती.

तिचा चेहरा दिसू नये असं मला वाटत होतं. आणि तिनं एकदा, एकदाच, मागं वळून बघावं असंही वाटत होतं. हे दुसरं वाटणं फार मोठं होतं, फार जुनं होतं. ते एकट्या माझं असेल असं मला वाटत नाही.

मी तिला हाक मारली. धम्मप्रिया, अशी माझ्याच पूर्ण नावानं मारली. निदान मारायला गेले. तोंडातून जे आलं ते मी ऐकलं.

"अं... अं."

बाईचा हात थांबला नाही. मान हलली नाही. रागावलीही नव्हती ती. रोजच्या आवाजात, पाठमोरीच म्हणाली,

"आले, आत्या. थांबा जरा."

मी थांबले. कढई उतरली, दुसरं भांडं चढलं. नळ पुन्हा सुरू झाला. उन्हाची तिरीप माझ्या पोटावरून सरकत पायांपाशी गेली. ती येईल असं मला दर मिनिटाला वाटत होतं. पण मी त्या बाईला चांगली ओळखते. ती काम झाल्याशिवाय येत नाही, आणि तिचं काम कधी होत नाही.

मग माझा डावा हात चादरीवर हलायला लागला. आधी दार काढलं. मग ओट्याची कड. मग ती पाठ.